फायबरला पोचा पडत नाही

पत्र्याच्या गाडीला ठोकर बसली की पत्रा चेपतो, आणि जोर कुठून आला, किती आला हे तो स्वतःच सांगतो. चांगला डेंटर नुसता हात फिरवून ओळखतो. फायबरग्लास, म्हणजे रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या पातळ राळेत) बसवलेले काचेचे धागे, असं काही सांगत नाही. ते कमानीसारखं वाकतं आणि जोर सुटला की परत जागेवर येऊन बसतं. फारच ताणलं तर फुटतं. मधली अवस्था नाही. त्यामुळे ठोकलेल्या कॉर्वेटच्या (शेव्हरोलेची अमेरिकन स्पोर्ट्स कार) नाकावर वीतभर भेग दिसते आणि खरं नुकसान हातभर मागे, एखाद्या सांध्यात किंवा चासीच्या टोकाला लपलेलं असतं.

इथे उदाहरण घेतलंय ते तिसऱ्या पिढीच्या कॉर्वेटचं, म्हणजे 1968 ते 1982 या काळातल्या गाडीचं. कॉर्वेट 1953 पासून फायबरच्या बॉडीची आहे (पहिल्या वर्षी फक्त 300 गाड्या बनल्या), पण आज अमेरिकेत कुणी हौसेने जुनी कॉर्वेट घेतो तेव्हा ती बऱ्याचदा या पिढीतली असते. भारतात फायबरच्या बॉडीची गाडी म्हटलं की जुन्या लोकांना सिपानी डॉल्फिन आठवेल. ती स्पोर्ट्स कार नव्हे, पण तिला धक्का बसला की होणारी फजिती हीच.

आधी गाडी कशी जोडलेली आहे ते डोळ्यासमोर आणा. खाली पोलादी चासी. तिच्यावर बोल्टने बसवलेली बॉडी, आणि उंची जुळवायला मध्ये शिम, म्हणजे पातळ चकत्या. काचेभोवती आणि दारांभोवती पोलादी सांगाडा आहे, त्याला बर्डकेज म्हणतात, म्हणजे पिंजराच. या पिंजऱ्याला फायबरचे पॅनेल चिकटवलेले असतात. पॅनेल एकमेकांना जोडताना दोन्हींच्या कडा समोरासमोर आणून मागून फायबरचीच एक पट्टी चिकटवतात, तिला बाँडिंग स्ट्रिप म्हणतात. आपण जोडपट्टी म्हणू. पुढच्या फेंडरचा सांधा माथ्याजवळून जातो. कारखान्यात तो भरून, घासून, रंग देऊन नाहीसा केलेला असतो. ठोकर बसली की पहिला तडा बहुतेक वेळा इथेच जातो, कारण पॅनेल वाकतं आणि सांधा वाकत नाही.

समजा 1971 ची गाडी डाव्या पुढच्या कोपऱ्यावर ठोकली आहे. त्या वर्षीचा पुढचा बंपर क्रोमचा पोलादी. (1973 पासून पुढचा आणि 1974 पासून मागचा बंपर रंगवलेल्या युरेथेनचा आला.) बंपरच्या ब्रॅकेटमधून धक्का थेट चासीच्या टोकाला जातो. म्हणून फायबरला हात लावायच्या आधी चासी मोजा. दोन्ही बाजूंची सारखीच भोकं निवडा, ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि कर्ण मोजा. दोन कर्णांमध्ये 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर गाडी आधी फ्रेम मशिनवर, म्हणजे वाकलेली चासी ओढून सरळ करणाऱ्या यंत्रावर, जायला हवी. हे टाळून नाक सुंदर बनवलं तर पुढे बॉनेट बसत नाही. मग लोक फायबर घासून घासून बॉनेट बसवतात, आणि खालची चासी वाकडी ती वाकडीच राहते.

रेडिएटरला धरणारी चौकट पोलादी आहे, तीही पाहा. मग दारं उघडून बंद करा. दाराच्या पुढच्या कडेची फट वर आणि खाली सारखी आहे का? वर दाबलेली, खाली मोकळी असेल तर एक तर शिम सरकली आहे किंवा पिंजऱ्याचा खालचा भाग गंजून आधीच अशक्त झाला होता आणि धक्क्याने त्याने मान टाकली. काचेच्या खालच्या कोपऱ्यात गंज या गाड्यांना हमखास असतो. तिथे पोलादाचं काम निघालं तर ते आधी. वेल्डिंगची उष्णता शेजारच्या चिकट सांध्याला सोडवते, म्हणून फायबर नंतर.

आता फायबर. चाक काढा, आतलं आवरण काढा, टॉर्च घेऊन फेंडरच्या आत शिरा. बाहेरून भेग पाहण्यात अर्थ नाही, रंग वेगळा तडकतो आणि फायबर वेगळं. आतून पाहिलं की तडा कुठवर गेला ते पांढरट रेषेत दिसतं. तिथे रेझिनने काचेचे धागे सोडलेले असतात. मग एक नाणं घ्या आणि दर दोन बोटांवर टकटक करत जा. धड फायबर टणटणीत वाजतं. थर सुटले असतील किंवा जोडपट्टीची चिकट तुटली असेल तिथे फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. बद्द वाजलेल्या जागेभोवती मार्करने रेघ मारा. रेघ पूर्ण झाली की बहुतेकांना धक्का बसतो, कारण बाहेरची भेग वीतभर आणि ही रेघ दोन हात.

तुटून पडलेले तुकडे फेकू नका. रस्त्यावरून वेचून आणलेले असतील तर सोनं समजा. नाकाचा बाक, हेडलाइटच्या कडेचा गोलावा हे हाताने घडवताना फार वेळ खातं, आणि तुकडे असतील तर आकार आयता मिळतो.

कोणतं रेझिन वापरायचं यावर माणसं भांडतात, पण ते गाडीच्या सालावर ठरतं. 1972 पर्यंतची पॅनेल साच्यात दाबलेल्या पॉलिएस्टर फायबरग्लासची आहेत. त्यांना साधं पॉलिएस्टर रेझिन चालतं, मात्र मेण नसलेलं, लॅमिनेटिंग जातीचं. 1973 पासून एसएमसी (शीट मोल्डिंग कंपाउंड, साच्यात दाबायचा तयार फायबरचा माल) आलं. त्यात धागे आखूड, भुकटी जास्त, आणि साच्यातून सुटून यावं म्हणून मालातच मिसळलेला मेणचट घटक. वरवर घासून तो जात नाही, कारण तो आतपर्यंत आहे. साधं पॉलिएस्टर त्यावर चिकटल्यासारखं दिसतं आणि सहा महिन्यांनी कडेने सुटायला लागतं. एसएमसीला व्हिनिलएस्टर किंवा एपॉक्सी घ्या, किंवा एसएमसीसाठी बनवलेला दोन भागांचा चिकटवा.

एपॉक्सी घेतलं तर मॅट बदलावी लागते. बाजारात मिळणाऱ्या साध्या चॉप्ड मॅटमध्ये (आखूड काचधाग्यांची चटई) धागे एका बाइंडरने धरलेले असतात आणि तो बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नाही. मग मॅट ताठच राहते, कोपऱ्यात बसत नाही, आत कोरडे पांढरे डाग राहतात. एपॉक्सीसोबत विणलेलं काचकापड किंवा शिवलेली मॅट घ्यायची. पॉलिएस्टरवर नंतर एपॉक्सी चिकटतं. एपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट चिकटत नाही. एकदा एपॉक्सीच्या वाटेला गेलात की त्या जागी परत मागे फिरू नका.

भारतातून साहित्य घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळक सांगायला हवी. अमेरिकेत डब्यातलं पॉलिएस्टर बहुधा प्रवेगक मिसळूनच येतं, त्यात फक्त हार्डनर घालायचा. आपल्याकडे एफआरपीच्या (फायबरच्या मालाच्या) दुकानात रेझिन, कोबाल्ट (हाच तो प्रवेगक) आणि हार्डनर अशा तीन बाटल्या हातात ठेवतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. एकाच चमच्याने दोन्ही घेणंही नको. कोकणात फायबरच्या होड्या बांधणाऱ्या माणसांना हे पाठ असतं, गाडीवाल्याला नसतं. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा नव्हे, गॉगल घाला, आणि थेंब गेलाच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरून मग थेट डॉक्टर.

घासायच्या आधी धुवा. मेण, पॉलिश, ब्रेक ऑइल, रस्त्याचं ग्रीस हे सगळं सॉल्व्हंटने आधी पुसून काढा. उलट केलं, म्हणजे आधी ग्राइंडर फिरवला, तर ती चरबी धाग्यांमध्ये रगडली जाते आणि नंतर कितीही ॲसिटोन ओता, निघत नाही. पत्र्यावर चालणारं रंगकाढू रसायन इथे वर्ज्य. ते रंगाबरोबर रेझिनही खातं. वाळूचा ब्लास्टही नको. रंग काढायची सर्वांत सभ्य रीत म्हणजे दाढीचं धारदार पातं: पातं तिरपं धरायचं, आपल्याकडून पुढे सरकवायचं, आणि जुना रंग कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघतो. एका फेंडरला पंधरा-वीस पाती लागतात. पात्याचे कोपरे आधी किंचित घासून गोल करा, नाहीतर फायबरवर रेघा ओढल्या जातात.

फुटलेले तुकडे जागेवर आणा. बाहेरच्या बाजूने ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावा आणि पातळ स्क्रूने तुकडे त्यांना धरून ठेवा. पट्टीखाली पॅकिंगची चिकटपट्टी लावली की रेझिन पट्टीला चिकटत नाही. बॉनेट आणि हेडलाइटची चौकट याच वेळी बसवून फटी पाहून घ्या. आत्ता 2 मिलिमीटर सरकवणं म्हणजे दोन स्क्रू सैल करणं. रेझिन सुकल्यावर तेच काम एक दिवस खातं. जिथे तडा धड फायबरमध्ये संपतो तिथे 3 मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे पळत नाही.

पहिले थर आतून. आतली बाजू 36 किंवा 40 नंबरच्या पेपरने, भेगेच्या दोन्ही अंगांना किमान 7 ते 8 सेंटिमीटर, चकाकी पूर्ण जाऊन धागे दिसेपर्यंत घासा. चकाकी राहिली तिथे चिकट नाही. आतून दोन थर सुकले की बाहेरच्या पट्ट्या काढा आणि बाहेरून उतार घासा. या कामाचा जीव या उतारात आहे. पॅनेल साधारण अडीच मिलिमीटर जाड. जाडीच्या बारापट उतार धरला तर एका बाजूला 3 सेंटिमीटर येतात, पण प्रत्यक्षात 5 घ्या. बशीसारखा उथळ खड्डा व्हायला हवा, तळाशी आतून घातलेला थर दिसेपर्यंत. नवशिके नुसती व्ही आकाराची खाच पाडतात, ती लांबीने (पुट्टीने) भरतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच रेघ रंगातून डोकं वर काढते. खाचेत भरलेल्या मालाला दोन्ही कडांशी नुसती टक्कर मिळते. उताराला मांडीला मांडी लावून बसायला जागा मिळते.

हिशेब एकदा करून ठेवा. 30 बाय 20 सेंटिमीटरची फुटलेली जागा धरली तर बाहेरून 450 ग्रॅमच्या (चौरस मीटरला) मॅटचे तीन तुकडे: 40 बाय 30, 35 बाय 25 आणि 30 बाय 20. आतून दोन: 45 बाय 35 आणि 40 बाय 30. सगळं मिळून मॅट सुमारे 245 ग्रॅम. हाताने घालताना मॅटच्या अडीचपट रेझिन लागतं, म्हणजे 610 ग्रॅम. ब्रशला, पेल्याला, जमिनीला जाणारं धरून 800 ग्रॅम घ्या. या मॅटचा एक थर सुकल्यावर साधारण 1 मिलिमीटर होतो, म्हणून बाहेरचे तीन थर पॅनेलच्या जाडीपेक्षा जरासे वर येतात. तेवढं घासायला हवंच असतं. मॅटच्या कडा कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाडलेली कड विरळ असते आणि शेजारच्या थरात मिसळून जाते.

बाहेरच्या बाजूला मोठा तुकडा आधी की लहान आधी? मोठा आधी. तो अखंडपणे सगळ्या उतारावर जुन्या फायबरला चिकटतो, आणि नंतर घासताना कापले जातात ते वरचे लहान तुकडे. लहान आधी घातला तर प्रत्येक थराची फक्त कड जुन्या मालाला शिवते, आणि घासताना जो एकमेव मोठा थर होता तोच उडतो.

हार्डनर वजनाने दीड टक्का, 25 अंशांच्या आसपास. 150 ग्रॅम रेझिनला साधारण 2 मिलिलिटर. सिरिंजने मोजा, अंदाजपंचे नको. एकावेळी 150 ग्रॅमच कालवा, पंधरा-वीस मिनिटं मिळतात. मे महिन्यातल्या पुण्यात किंवा जुलैतल्या टेक्सासात एक टक्क्यावर या आणि सकाळी लवकर काम करा. एक टक्क्याच्या खाली जाऊ नका: रेझिन जेली होतं पण पूर्ण पिकत नाही, आणि तसं अर्धकच्चंच राहतं. 15 अंशांखाली काम काढू नका. उरलेलं रेझिन पेल्यात तसंच ठेवलं तर आपल्याच उष्णतेने धुमसायला लागतं. पसरट पत्र्यावर ओतून बाहेर ठेवा.

आधी घासलेल्या जागेला नुसतं रेझिन लावा, मग मॅट ठेवा, मग ब्रशने टोचत जा. ब्रश रंगासारखा ओढला तर धागे गोळा होऊन येतात. मॅट भिजली की पांढरी पारदर्शक होते. जिथे पांढरं राहिलं तिथे हवा आहे. खाचांच्या ॲल्युमिनियम रोलरने मधून कडेकडे हवा बाहेर काढा. मेण नसलेल्या रेझिनचा वरचा थर हाताला चिकट लागतो, ते बिघडलं असं समजून पुसायला जाऊ नका. हवेशी गाठ पडते म्हणून तो तसा राहतो, आणि त्याच दिवशी पुढचा थर न घासता त्यावर घालता येतो.

फेंडरचा अर्ध्याहून जास्त भाग गेला असेल तर तुकडे जोडण्यापेक्षा नवं पॅनेल घ्या. दोन प्रकार मिळतात, हाताने घातलेलं आणि साच्यात दाबलेलं. हाताचं स्वस्त, पण जाडी कुठे 2 तर कुठे 5 मिलिमीटर, आणि ते बसवताना जोडपट्टीवर तासन्‌तास घासावं लागतं. परवडत असेल तर दाबलेलं घ्या. जुनं पॅनेल काढताना सांध्यापासून 5 सेंटिमीटर सोडून कापा, मग उरलेली पट्टी हीटगनने तापवत पातळ छिन्नीने सोडवा. जोडपट्टी वाचवायची आहे, तीच नव्या पॅनेलची जागा सांगणार. नवं पॅनेल आधी तीन-चार वेळा कोरडंच बसवून पाहा. चिकटवताना क्लॅम्प आवळू नका. चिकटव्याचा थर पाऊण ते एक मिलिमीटर राहायला हवा. आवळला की सगळा माल बाहेर येतो, आत उपाशी सांधा राहतो.

घासकामाचं एक राहिलं. काचेची धूळ अंगात टोचते. पूर्ण बाह्यांचा सूट, मनगटाला आणि मानेला टेप, आणि धूळ व स्टायरीन दोन्ही अडवणारा काडतुसाचा मास्क. रुमाल बांधून भागत नाही. आंघोळ थंड पाण्याने करा, टॉवेलने रगडू नका.

वरून भरायला आधी धागे असलेली लांबी, तीही फक्त सांध्याच्या खोलगट रेघेत. साधी लांबी सगळ्यात शेवटी आणि 3 मिलिमीटरपेक्षा जाड कधीच नाही. उघड्या फायबरवर पाण्याने पॉलिश पेपर मारू नका. पाणी धाग्यांच्या टोकांतून आत शिरतं आणि गाडी उन्हात उभी राहिली की रंगाखाली फोड येतात. कॉर्वेटच्या या पॅनेलवर होडीसारखा जेलकोट (वरचा नुसत्या रेझिनचा थर) नसतो, त्यामुळे अडवायला काही नाही.

आणि मग थांबा. सगळ्यात जास्त गाड्या याच टप्प्यावर बिघडतात, कारण गिऱ्हाईक दारात उभं असतं. पॉलिएस्टर पिकताना आक्रसतं, आणि घट्ट झाल्यावरही कित्येक दिवस थोडं थोडं आक्रसत राहतं. आज हात फिरवून सपाट लागलेला सांधा महिन्याने उन्हात तिरप्या नजरेने पाहिला की रेघ दिसते. दुरुस्त केलेला भाग निदान दोन-तीन आठवडे तसाच ठेवा, रोज उन्हात काढा; किंवा हीट लॅम्पखाली 55-60 अंशांवर काही तास शिजवा. लॅम्प जवळ आणू नका, फायबर मऊ होऊन आकार सोडतं. जे काही आक्रसायचं ते रंगाच्या आधी आक्रसू दे. मग एपॉक्सी प्रायमर, जाड थराचा प्रायमर, वरून काळ्या रंगाचा पातळ फवारा, आणि लांब ब्लॉकवर 180, 320, 600 नंबरचे पेपर. काळं जिथे उरतं तो खड्डा.

शेवटी वायरी. बॉडी वीज वाहून नेत नाही, म्हणून पत्र्याच्या गाडीत जे अर्थिंग फुकट मिळतं ते इथे प्रत्येक दिव्याला वेगळ्या वायरने दिलेलं असतं. पुढच्या कोपऱ्यावर ठोकर बसली की या वायरी तुटतात, आणि रंगारी त्या जोडायला विसरतो. इंडिकेटर लावल्यावर पार्किंगचा दिवा मंद लुकलुकत असेल तर बल्ब बदलत बसू नका, अर्थची वायर शोधा आणि ती रेडिएटरच्या पोलादी चौकटीवर, रंग खरवडून, घट्ट बसवा. हेडलाइट नाकात मिटलेले असतात आणि इंजिनच्या व्हॅक्यूमने वर येतात. रबरी नळी कुठे चिमटली असेल तर एक डोळा उघडतो आणि दुसरा मिटलेलाच राहतो. नाक बंद करण्याआधी इंजिन चालू करून दोन्ही दिवे चार-पाच वेळा वर-खाली करून पाहा, कारण नंतर तिथे हात पोचत नाही. इग्निशनवरची धातूची आवरणं काढली असतील तर तीही परत लावा. फायबर रेडिओची खरखर अडवत नाही, ती या आवरणांनीच अडते.